कोविड-१९ च्या रुग्णालयीन उपचारांतील औषधांची आंतरक्रिया : साकोली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
कोविड-१९ मुळे रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला एकाच वेळी विषाणूरोधक, प्रतिजैविक, स्टेरॉइड आणि रक्त पातळ ठेवणारे औषध दिले जात असे. मधुमेह, उच्च रक्तदाब वा हृदयविकाराची त्याची नेहमीची औषधे त्यात मिळत. दोन औषधे एकत्र आल्याने एकाचा परिणाम वाढणे, घटणे किंवा नवाच अपाय उद्भवणे याला औषधांची आंतरक्रिया म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तथापि साथीने पुढे आणलेला हा प्रश्न प्रत्येक बहुव्याधीग्रस्त रुग्णापुढे आजही उभा आहे. प्रस्तुत लेखात त्याचे स्वरूप पूर्व विदर्भाच्या संदर्भात मांडले आहे.

आंतरक्रियेचे स्वरूप :
आंतरक्रिया मुख्यत्वे दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात एक औषध दुसऱ्याचे शोषण, चयापचय किंवा उत्सर्जन बदलते. डॉक्सीसायक्लीन आणि झिंक या गोळ्या कोविडकाळात अनेकांना एकत्र मिळाल्या. त्या एकाच वेळी घेतल्यास झिंक पोटातच डॉक्सीसायक्लीनशी बांधले जाते व प्रतिजैविकाचे शोषण घटते. दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवणे हा त्यावरील साधा उपाय होय. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० समूहातील विकरे अनेक औषधांचे विघटन करतात. रिटोनाविर यांपैकी एका प्रमुख विकराला रोखते. त्यामुळे सिम्वास्टॅटिन, अमिओडारोन यांसारख्या औषधांची रक्तातील पातळी धोकादायक होऊ शकते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन याउलट त्याच विकराची निर्मिती वाढवते. परिणामी डेक्सामेथासोन लवकर निकामी होते, तसेच मधुमेहाच्या काही गोळ्यांचा प्रभावही उणावतो.

दुसऱ्या प्रकारात रक्तातील पातळी बदलत नाही, मात्र दोन औषधांचे परिणाम एकमेकांत मिसळतात. अ‍ॅस्पिरिन वा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या हृदयरुग्णास हेपॅरिन दिल्यास रक्तस्रावाचा संभव वाढतो, हे याचे परिचित उदाहरण होय. असे मिश्रण नेहमीच वर्ज्य असते असे नाही; लाभ व धोका तोलून आणि रुग्णावर लक्ष ठेवून ते दिले जाते.

साथीतील अनुभव :
३१ मार्च २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये अतिदक्षता विभागातील गंभीर रुग्णांसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व अ‍ॅझिथ्रोमायसिन एकत्र देण्याचा पर्याय होता. ही दोन्ही औषधे हृदयालेखातील क्यूटी अंतर वाढवतात आणि त्यातून प्राणघातक अनियमित ठोके उद्भवू शकतात. १३ जून २०२० च्या सुधारित सूचनांमधून अ‍ॅझिथ्रोमायसिन वगळण्यात आले. १५ जून २०२० रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आणखी एक इशारा दिला : हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसोबत दिल्यास रेमडेसिविरची विषाणूरोधक क्रिया क्षीण होण्याचा संभव आहे.

दुसऱ्याच दिवशी ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायूवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. परंतु हेच औषध रक्तशर्करा वाढवते, म्हणजे मधुमेहावरील औषधांच्या विरुद्ध दिशेने कार्य करते. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर यांचा संबंध म्युकरमायकोसिसशी जोडला गेला. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने हा आजार अधिसूचित करण्यास राज्यांना सांगितले. त्याच महिन्यात त्यावरील अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनचे उत्पादन वर्धा येथे सुरू झाले. हे औषध मूत्रपिंडावर ताण आणते व पोटॅशियम घटवते. स्टेरॉइडही पोटॅशियम घटवतात. पोटॅशियम घटले की क्यूटी अंतर वाढवणारी औषधे अधिकच घातक ठरतात. अशा प्रकारे एका औषधाचा परिणाम पुढच्या औषधाच्या धोक्याचे कारण बनतो.

साकोली परिसराचा संदर्भ :
साकोलीहून भंडारा आणि तेथून नागपूर असा गंभीर रुग्णाचा सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास असतो. या मार्गावर डॉक्टर बदलतात, औषधे वाढतात. मात्र रुग्ण घरी कोणती गोळी घेत होता ही माहिती पुष्कळदा घरीच राहते. विलगीकरण कक्षात नातेवाइकांना प्रवेश नसल्याने कोविडकाळात ही उणीव अधिक गंभीर झाली. गोळीचे नाव न सांगता येणारा, केवळ तिचा रंग सांगणारा वृद्ध रुग्ण बेशुद्धावस्थेत तेवढेही सांगू शकत नाही.

पूर्व विदर्भात सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यावरील हायड्रॉक्सियुरिया अस्थिमज्जेतील पेशीनिर्मिती मंदावते. त्यासोबत लिनेझोलिडसारखे मज्जेवर परिणाम करणारे प्रतिजैविक दिल्यास रक्तपेशींची संख्या वारंवार तपासणे अगत्याचे ठरते. सिकलसेलच्या वेदनांसाठी घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडास अपायकारक असतात. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी सोबत तो अपाय वाढतो. काढे व वनौषधी यांचीही नोंद होणे तितकेच आवश्यक आहे. ज्येष्ठमधाचे दीर्घ व अतिसेवन पोटॅशियम घटवते, हे त्याचे कारण होय.

उपाययोजना :
प्रत्येक रुग्णाजवळ औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि कारण नोंदवलेले एक पान असावे. दाखल होताना, कक्ष बदलताना व घरी जाताना ते पडताळले जावे. दुष्परिणामांची नोंद भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर करता येते. महाविद्यालयांचा सहभागही येथे मोलाचा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत विद्यार्थ्यांनी घरोघरी ज्येष्ठांची औषधयादी मराठीत लिहून द्यावी. गोळ्या बंद करण्याचा वा बदलण्याचा सल्ला मात्र देऊ नये. तो अधिकार डॉक्टरांचाच आहे.

निष्कर्ष :
आंतरक्रियेचे बहुतेक धोके पूर्वज्ञात असतात, म्हणूनच ते टाळता येतात. त्यासाठी महागडी यंत्रणा लागतेच असे नाही. प्रथम आवश्यकता असते ती अचूक माहितीची. रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि समाजकार्य या विषयांच्या प्राध्यापकांनी एकत्र येऊन हे काम हाती घेतल्यास पुढच्या साथीत साकोलीहून निघालेला रुग्ण नागपूरला पोहोचताना त्याच्या औषधांची माहितीही त्याच्यासोबत पोहोचेल.