स्वायत्त संगणक-साधने आणि डिझायनरचे बदलते काम

संगणक डिझायनरच्या टेबलावर येऊन बराच काळ लोटला. पेजमेकर, कोरल ड्रॉ, फोटोशॉप यांनी पट्टी, कात्री व रंगपेटी यांची जागा घेतली. परंतु रेषा कोठे काढावयाची, हे माणूसच सांगत असे. अलीकडील साधनांना कृती नव्हे, तर उद्दिष्ट सांगावे लागते. तेथवर जाण्याच्या पायऱ्या साधन स्वतः ठरवते, झालेले काम तपासते आणि पुन्हा करते. म्हणून त्यांना ‘स्वयंचलित’ न म्हणता ‘स्वायत्त’ म्हणणे अधिक योग्य होय. प्रस्तुत लेखात या बदलाचा विचार डिझायनरच्या शिक्षणाच्या अंगाने केला आहे.

एक उदाहरण पाहू. एअरबस व ऑटोडेस्क या कंपन्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये ए-३२० विमानासाठी तयार केलेले एक विभाजक सादर केले. प्रवासी कक्ष व खाद्यपदार्थांचा कक्ष यांमधील या भिंतीस कर्मचाऱ्यांच्या आसनाचा भारही पेलावयाचा होता. सस्तन प्राण्यांच्या हाडांची वाढ आणि बुरशीसदृश एका जीवाचे जाळे यांवर आधारलेल्या गणनपद्धतीने संगणकाने असंख्य पर्याय निर्माण केले. अंतिम रचना प्रचलित विभाजकापेक्षा ४५ टक्के हलकी ठरली. मग डिझायनरने केले काय? भार किती, आधार कोठे, जाडीची मर्यादा कोणती, हे त्याने ठरविले आणि शेवटी निवड केली. म्हणजे काम संपले नाही; ते हातातून नजरेत गेले.

ही नजर येते कोठून, हा खरा प्रश्न आहे. २०२२ च्या सुमारास आलेली प्रतिमानिर्मितीची साधने देवनागरीसारखी दिसणारी, पण निरर्थक अक्षरे काढीत. पुढे त्यांत सुधारणा झाली. तरीही जोडाक्षर बिघडले आहे किंवा वेलांटी भलत्या अक्षरावर गेली आहे, हे ओळखणारा डोळा लागतोच. ‘मंगल’ या संगणकीय टंकाचे कर्ते र. कृ. जोशी (१९३६-२००८) हे सुलेखनकारही होते, हा योगायोग नव्हे. अक्षर हाताने गिरवल्यावाचून त्याचे वळण कळत नाही.

छापखान्यात वा जाहिरातसंस्थेत नवख्याची उमेदवारी चित्रामागील पार्श्वभूमी काढणे, एकच जाहिरात दहा आकारांत बसविणे अशा कंटाळवाण्या कामांतून होत असे. नजर तयार होत असे ती तेथेच, आणि साधनांनी प्रथम उचलली आहेत ती हीच कामे. अनुभवी डिझायनरला यामुळे उसंत मिळेल. नवख्याची मात्र पायरीच नाहीशी होते.

आपली मूल्यमापनपद्धती अद्याप तयार चित्रालाच गुण देते. साधनांवर बंदी घालण्याचा मार्ग (तो सुचविणारे सहकारी सर्वत्र असतात) फारसा टिकणारा नाही. त्याऐवजी पहिल्या वर्षी अक्षररचना हातानेच करून घ्यावी आणि पुढील वर्षांत चित्रासोबत नाकारलेले पर्याय व नाकारण्याची कारणे सादर करणे बंधनकारक करावे, असे सुचवावेसे वाटते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात ती कारणे वाचण्यास लागणारा वेळ कार्यभारात धरला जाणार का, याचे उत्तर अभ्यासमंडळांना द्यावे लागेल.