दांडिया बाजारातली दुकाने

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात. देशातली पहिली सहकारी पतपेढी म्हणून जिचा उल्लेख होतो ती 'अन्योन्य सहायकारी मंडळी' आपल्या या शहरात, १८८९ साली, विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी काढली. सरकारचा सहकाराचा कायदा आला १९०४ साली. म्हणजे आमची मंडळी कायद्याच्या पंधरा वर्षे पुढे! थोडीथोडी रक्कम सर्वांनी जमवायची आणि अडल्यानडल्याला त्यातूनच उचल घ्यायची, सावकाराचा उंबरठा झिजवायचा नाही, इतकी ती साधी कल्पना होती. अभिमान रास्तच आहे. मात्र ही गोष्ट सांगणारे तिचा शेवट सहसा सांगत नाहीत. पुढे बँक झालेल्या या संस्थेवर २००७ साली रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि मग ती मिटली.

हे आज आठवायचे कारण, दांडिया बाजार आणि रावपुऱ्याकडची आपली लहान दुकाने. त्यांच्याविषयीही आपण असेच भरभरून बोलतो, आणि तीही अशीच आपल्या डोळ्यांदेखत एकेक करून फळ्या लावीत आहेत.

या दुकानांत काय मिळते ते एकदा नीट पाहावे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, सांडगे, कुरडया. चैत्रात पंचांग, श्रावणात जानवी, भाद्रपदात शाडूचा गणपती. शिवाय नथीचे मोती सुटले तर पुन्हा ओवून देणारा सोनार आणि नऊवारी शिवणारा शिंपी. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, व्याख्यानमाला यांतून आपण मराठीपण राखतो असे आपण म्हणतो. परंतु गौरीला फुलवरा करायचा तर सामान कोठून येते? ते आणणारा माणूस उठून गेला, की घरातली चालरीत वर्षादोन वर्षांत आपोआप आखडते. भाजणी मिळेनाशी झाली म्हणून थालीपीठच बंद पडलेली दोन घरे माझ्या माहितीत आहेत. घरी भाजणी भाजायला आता वेळ कोणाला आहे, आणि खरे सांगायचे तर येते तरी कोणाला?

'आपले दुकान' म्हणजे मराठी माणसाचेच दुकान, असा अर्थ मी करीत नाही. आम्हाला मसाला देणारे शेठ गुजराती आहेत. त्यांच्या आजोबांनी आमच्या आजीकडून गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे प्रमाण विचारून घेतले होते, असे ते स्वतः सांगतात. आमच्या नातवंडांपेक्षा त्यांना मेतकुटाची पारख अधिक. दुकानाचा मालक याच गावात राहतो, गल्ल्यातला पैसा याच गावात फिरतो, एवढे मला पुरेसे आहे.

हा विचार इथे नवा नाही. १९०२ साली अहमदाबादेस काँग्रेसच्या अधिवेशनाबरोबर औद्योगिक प्रदर्शन भरले, त्याचे उद्घाटन सयाजीराव महाराजांनी केले. त्यापूर्वीच, १८९० साली, बडोद्यात कलाभवन निघाले होते. रंगकाम, विणकाम, सुतारकाम शिकून माणसाने स्वतःचा धंदा करावा ही त्यामागची दृष्टी. दादासाहेब फाळके तिथे शिकले. १९०८ साली दहा लाख रुपयांच्या भांडवलावर बँक ऑफ बडोदा उभी राहिली. धंद्याला लागणारी विद्या आणि लागणारा पैसा, दोन्ही महाराजांनी दाराशी आणून ठेवले. आमच्या पूर्वजांपैकी बहुतेकांनी मात्र कलाभवनाकडे आदराने पाहिले आणि कचेरीची वाट धरली! त्या कारकुनी पेशाचा एक वारसा अजून आपल्यात आहे. दुकानदार म्हणजे कोणी परका, तो आपल्याला लुटणारच, अशी एक अढी मनात असते. मोठ्या मॉलमध्ये छापील किंमत आपण मुकाट्याने देतो, आणि जुन्या ओळखीच्या दुकानात पाच रुपयांसाठी पाव तास घालतो.

फोनवर बटण दाबले की दहा मिनिटांत सामान दारात येते, हे सुख मी नाकारत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना त्याची किंमत कळते. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हाचे दिवस आठवा. आमच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दूध, पीठ, साखर पोचवली ती कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने. पैशांचे नंतर पाहू, असे म्हणून त्याने वहीत मांडून ठेवले. कोणत्याही नाट्यमंडळाची स्मरणिका उघडावी; मागच्या पानांवर 'शुभेच्छा' देणाऱ्या जाहिराती या असल्याच दुकानांच्या. परगावच्या कंपनीकडे पावतीपुस्तक घेऊन कोणी जाऊन पाहावे!

दुकानदारांचेही चुकतेच. दुपारी एक ते चार फळी लावून झोपायचे, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळले की जगाला नावे ठेवायची, हे चालायचे नाही. जुना माल नव्याच्या भावात कशाला द्यावा? गेल्या पावसाळ्यात एका ठिकाणची भाजणी खवट निघाली. परत न्यायला गेलो तर मालकांनी मलाच चार शब्द ऐकवले. तिथे मी पुन्हा पायरी चढलो नाही. ओळख आहे म्हणून वाईट माल घ्यावा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. चांगला माल आहे, वजन चोख आहे, आणि तरीही वीस रुपयांच्या सवलतीपायी आपण पाठ फिरवतो, तिथेच मला खटकते.

मसाल्याच्या शेठजींकडे परवा गेलो होतो. त्यांचा मुलगा कॅनडात आहे आणि परत येईल असे दिसत नाही. शेठजी म्हणाले, "भाऊसाहेब, या दिवाळीला भाजणी दळायची की नाही ते नोंदणी पाहून ठरवणार. चाळीस किलो तरी झाले पाहिजे, नाहीतर गिरणीवाल्याचा घाणा परवडत नाही." आमची चार किलो त्यांनी लिहून घेतली. वही मी उघडून पाहिली. बेरीज अकरावर आली आहे. नवरात्रापर्यंत ती गल्ल्याशेजारी उघडी राहणार आहे, आणि यंदा शेठजी दुपारीही दुकान बंद ठेवणार नाहीत.