ट्रेलरच्या रांगेतून दिल्लीकडे

मी न्हावा-शेव्यात कस्टमची कागदपत्रं करतो, राहायला करंजाडेत. जून 2017 मध्ये सायबर हल्ल्यानं बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. हल्ला सुरू झाला युक्रेनमध्ये. डेन्मार्कच्या मर्स्कला फटका बसला, त्यातून आम्हालाही. बंदराबाहेर लागलेली ट्रेलरची रांग मी तेव्हा शाळकरी असलेल्या लेकीला दाखवली होती.

आता ती दिल्लीच्या मनोहर पर्रीकर संरक्षण अभ्यास संस्थेत इंटर्नशिपसाठी अर्ज करतेय. संस्था 1965 सालची, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असतानाची. पर्रीकरांचं नाव 2020 मध्ये लाभलं. मुंबईत 2009 पासून गेटवे हाउस ही अभ्याससंस्था आहे, तिच्यावरही लेकीचा डोळा आहे. इंटर्नला गुप्त फायली दिसत नाहीत. वाचायचं, टिपणं काढायची, आकडे पडताळायचे, संशोधकाच्या हाताखाली लिहायला शिकायचं. दिल्लीत खोलीचं भाडं मात्र आईबापांनाच पेलावं लागतं. म्हणून कितीतरी हुशार पोरं अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

काल रात्री तिनं अर्जासाठी लिहिलेली, बंदरांच्या सायबर सुरक्षेवरची दोन पानं वाचून दाखवली. मी म्हटलं, ‘‘बाळा, डिमरेज राहिलं. कंटेनर अडकला की दिवसागणिक दंड चढतो, छोटा आयातदार त्यातच बुडतो.’’

तिनं पेन उचललं. ‘‘बाबा, सावकाश सांगा.’’