मारेकऱ्याचे नाव अमर, मेलेल्यांचे काय?

भीतीचा धंदा थोड्या भांडवलात होतो. अंधारी खोली, एक हत्यार, झोप उडवणारी स्वप्ने, की झाला चित्रपट! अनुराग कश्यप यांचा २०१६ चा 'रमन राघव २.०' असाच कमी खर्चात झाला आणि कान महोत्सवापर्यंत पोहोचला. त्याआधी १९९१ मध्ये श्रीराम राघवन यांनी रघुवीर यादव यांना घेऊन रमण राघववर चित्रपट केला होता. दोन्ही ताकदीचे आहेत, हे मान्य. पण आपला प्रश्न वेगळा आहे.

१९६० च्या दशकात मुंबईत झोपेतल्या माणसांची डोकी ठेचली जात होती. ऑगस्ट १९६८ मध्ये रमण राघव पकडला गेला. रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली क्राइम ब्रँचने तपास केला. त्याने चाळीसच्या आसपास खुनांची कबुली दिली. मेले कोण? फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपणारे कष्टकरी. त्यांनी दाराला कडी घातली नव्हती, कारण दारच नव्हते! मारेकऱ्याचे नाव अर्धशतकानंतरही पडद्यावर झळकते. मेलेल्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल काय?

आता कायद्याचे पाहू. रमण राघव म्हणे, जगे दोन आहेत. त्यातले एक 'कानून'चे. न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. पुढे तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याचा आजार बरा न होणारा ठरवला आणि १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये तो पुण्याच्या ससून रुग्णालयात मेला. वेड लागले की माणूस सुटतो, हा समज खोटा आहे. भारतीय दंड संहितेचे कलम ८४, म्हणजे आजच्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२, एवढेच विचारते: कृत्य करतेवेळी आपण काय करतो आहोत किंवा ते गैर आहे, हे मनोविकारामुळे आरोपीला कळतच नव्हते काय? हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. गरिबाने जुने वैद्यकीय कागद आणायचे कुठून? ज्याच्यावर कधी उपचारच झाले नाहीत, त्याचा आजार न्यायालयात सिद्ध व्हायचा कसा?

म्हणून या चित्रपटांची खरी हानी रक्ताच्या दृश्यांत नाही. 'वेडा म्हणजे खुनी' हे समीकरण ते डोक्यात पक्के करतात. वास्तवात बहुसंख्य मनोरुग्ण कुणाला इजा करत नाहीत. उलट तेच मार खातात, कोंडले जातात. मुलाला भास होऊ लागले की बदनामीच्या भीतीने घरचे त्याला लपवतात, नाहीतर भगताकडे नेतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क दिला आहे.

आमच्या मिरजोळ्याच्या लोकांना तर प्रादेशिक मनोरुग्णालय जवळ, रत्नागिरीतच आहे. तिथली पायरी चढण्यात लाज कसली? अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना, कोठडीतील माणसाला आणि मनोरुग्णालयात ठेवलेल्या रुग्णाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत जाऊन हे सांगितले पाहिजे. उपचाराचा प्रत्येक कागद जपून ठेवायला शिकवले पाहिजे.

चित्रपट जरूर पहा. मात्र बाहेर पडताना त्या झोपेत मारल्या गेलेल्या बेघरांचा विचार करा, आणि शेजारच्या आजारी पोराला 'वेडा' म्हणण्याआधी त्याच्या आईला दवाखान्याची वाट दाखवा.