दोन खांब आणि एक शपथ

मंडळी, गावाची वेस आपण रोज ओलांडतो. जुन्या वाड्याचे दगडी खांबही पाहतो. दार मोडलं तरी खांब उभे राहतात. अशाच दोन खांबांची गोष्ट आज सांगतो. गोष्ट दूरची आहे, पण आपल्या कामाची आहे.

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड देश आहे. तिथे ट्रॅक्वेअर नावाचा फार जुना वाडा आहे. त्याच्या आवाराच्या टोकाला दोन उंच दगडी खांब आहेत. दोन्हींच्या माथ्यावर दगडी अस्वलं बसवली आहेत. मध्ये लोखंडी फाटक आहे.

१७४५ साली राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट आपल्या घराण्याचं गेलेलं राज्य परत मिळवायला निघाला. तो या वाड्यावर आला. त्याला निरोप दिल्यावर वाड्याच्या धन्याने फाटक लावलं. "स्टुअर्ट राजा गादीवर बसेल, तेव्हाच हे उघडेन," अशी शपथ घेतली, असं लोक सांगतात. १७४६ साली कलोडनच्या लढाईत राजपुत्र हरला. राजा काही आला नाही. फाटक आजही बंद आहे. येणारेजाणारे दुसऱ्या वाटेने जातात.

शपथ माणसांनी पाळली. पण दगड इतकी वर्षं कसे टिकतात?

दगडाचा खरा वैरी पाणी. म्हणून खांबाच्या माथ्यावरचा दगड थोडा बाहेर काढतात. पावसाचं पाणी त्यावरून बाहेर पडतं, अंगावर ओघळत नाही. जुने गवंडी सांधे चुन्याने भरत. आत शिरलेली ओल चुन्यातून बाहेर निघते. सिमेंट मात्र कडक. ओल आतच अडते आणि मऊ दगडाचे पोपडे सुटतात. थंड देशात तर आतलं पाणी गोठून फुगतं आणि दगड फोडतं. म्हणून जुन्या चुन्याच्या बांधकामाची डागडुजी चुन्यानेच करावी.

आपल्याकडे आणखी एक वैरी आहे, झाडाचं मूळ. मी हेडमास्तर असताना शाळेच्या खांबात पिंपळाचं रोप उगवलं. बोटाएवढं होतं. 'उद्या काढू' म्हणालो. तीन पावसाळे गेले. मूळ मनगटाएवढं झालं आणि खांब फाकला. चूक माझीच होती.

तेव्हा मंडळी, वेशीतून जाताना जरा वर पाहा. रोप दिसलं तर लहान असतानाच अलगद काढा आणि ओढ्याकाठी लावा. झाडही जगेल, वेसही उभी राहील.