मारतहळ्ळीत घडलेले ॲडमिन

इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय असतो. शेड्युलिंग, पेजिंग, डेडलॉक सगळं वहीत उतरतं. पण पहाटे तीन वाजता चालता सर्व्हर उठेनासा झाला, तर आधी काय तपासायचं, हे त्या वहीत नसतं. बीएस्सी किंवा डिप्लोमा करून आलेल्या पुष्कळांकडे तर ती वहीही नसायची. सर्व्हर सांभाळण्याचं, म्हणजे सिस्टिम ॲडमिनचं, काम शिकायला कोल्हापूर, सांगली, बेळगाव, सोलापूरकडची मुलं एक तर पुण्याला जात, नाही तर बंगळूरला. बंगळूर गाठलेल्यांपैकी पुष्कळांची सुरुवातीची वर्षं मारतहळ्ळीत गेली.

जागाच तशी होती. जुना विमानतळ रस्ता आणि आउटर रिंग रोड इथे एकमेकांना छेदतात. पूर्वेला व्हाइटफील्डचं आयटीपीएल, दक्षिणेला कडुबीसनहळ्ळी, बेळंदूरचे टेक पार्क. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने किंवा हुबळी-दावणगेरेमार्गे रात्रीच्या बसने यायचं, मॅजेस्टिकहून ३३५ई पकडायची आणि पुलापाशी उतरायचं. पुलापासून मुन्नेकोळलापर्यंत गल्लोगल्ली पीजी, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवर क्लासच्या पाट्या : लिनक्स, सोलारिस, एमसीएसई, सीसीएनए.

या पाट्या लागण्यापूर्वीची एक गोष्ट इथल्या मराठी मुलांना सहसा ठाऊक नसते. इंटरनेट डायल-अपवर होतं आणि अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घेणं आवाक्याबाहेर होतं, तेव्हा पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणाऱ्या सीडीतून लिनक्स भारतातल्या घराघरांत पोहोचलं. त्या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. जन्म बर्लिनचा, पण वाढले बेळगावात आणि इंजिनिअर झाले तिथल्याच गोगटे इन्स्टिट्यूटमधून. पुढे बंगळूरला स्थायिक होऊन त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २००१पासून ‘लिनक्स बंगळूर’ ही परिषद भरवली. तीच नंतर ‘फॉस डॉट इन’ झाली. ३ जून २०१३ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी ते गेले. मारतहळ्ळीच्या क्लासांमधलं लिनक्स ज्या जमिनीवर उगवलं, ती अशा माणसांनी आधीच नांगरून ठेवली होती.

२००७च्या मार्चमध्ये रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ५ आलं आणि पुढची काही वर्षं क्लासचा सगळा अभ्यास त्याच्याभोवती फिरत राहिला. युजर, परवानग्या, क्रॉन, एलव्हीएम, एनएफएस, सांबा, अपाची, डीएनएस. आरएचसीई परीक्षेचं वैशिष्ट्य असं की तिथे पर्यायांवर खुणा करायच्या नसतात. समोर मशीन असतं आणि ते सांगितल्याप्रमाणे चालवून दाखवायचं असतं. रीबूट केल्यावरही ते तसंच चालायला हवं. या शेवटच्या अटीवर भल्याभल्यांची परीक्षा जाई. एफएसटॅब फाइलमध्ये एक शब्द चुकला की डिस्क माउंट होत नाही आणि मशीन अर्ध्यातच थांबतं.

म्हणून रूट पासवर्ड मोडून नव्याने घालण्याचा सराव पहिल्याच आठवड्यांत करून घेत. ग्रब थांबवायचा, कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘सिंगल’ लिहायचं, मशीन एकट्याच्या मोडमध्ये उठवायचं, पासवर्ड बदलायचा. वरवर ही क्लृप्ती वाटते. पण ती समजून केलेल्याला बायोस, बूटलोडर, कर्नल, मग पहिली प्रोसेस हा सगळा क्रम एकदाच लख्ख दिसतो. मुलाखतीतला ठरलेला पहिला प्रश्नही हाच असे : बटण दाबल्यापासून लॉगिन दिसेपर्यंत काय काय होतं? पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या उपप्रश्नाला उघडं पडे.

क्लासांची दुसरी बाजूही सांगायला हवी. शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या पाट्या होत्या, आणि पैसे घेऊन खोट्या अनुभवाची कागदपत्रं तयार करून देणारेही होते. २००८-०९च्या मंदीत फ्रेशरला कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा या मोहाला बळी पडलेले कमी नव्हते. पार्श्वभूमी पडताळणीत पकडले गेलेल्यांची चालू नोकरी गेली. शेत किंवा दागिने गहाण ठेवून फी भरलेल्या घरांना त्याची झळ किती बसली असेल, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो. दोष मुलांपेक्षा त्या धंद्याचा जास्त, असं माझं ठाम मत आहे.

खरी शाळा मात्र क्लासनंतर सुरू व्हायची, आणि ती एल-वनच्या, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पायरीवरच्या, रात्रपाळीत. अमेरिकेतल्या ग्राहकांचा दिवस म्हणजे आपली रात्र. डिस्क भरली, सर्व्हिस थांबली, बॅकअप फसला, अशी तिकिटं एकामागून एक येत. काम साधं : लेखी सूचना उघडायची, तसं करायचं, नाही जमलं तर एल-टूकडे द्यायचं. जो तिकीट पुढे ढकलून मोकळा होई तो वर्षानुवर्षं एल-वनच राही. जो ब्रिज कॉलवर कान देऊन ऐके, वरच्या माणसाने कोणता लॉग आधी पाहिला ते टिपून ठेवी आणि सकाळी कॅबने पीजीवर परतल्यावर आपल्या लॅपटॉपवरच्या सेंटओएसमध्ये तोच बिघाड मुद्दाम घडवून पाही, तो पुढे सरके. रेड हॅटच्याच सोर्सवरून बांधलेलं, मोफत मिळणारं सेंटओएस २००४पासून उपलब्ध होतं. त्यामुळे लायसन्सचे पैसे नसलेल्यालाही खऱ्या कंपनीसारखं मशीन घरी उभं करता येई.

१ जुलै २०१२ हा रविवार होता. आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच वाजत असताना जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद जोडला गेला आणि ठिकठिकाणच्या लिनक्स सर्व्हरांचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन बसले, विशेषतः जावा आणि मायएसक्यूएल चालवणाऱ्यांचे. कर्नलच्या टायमरमधला दोष होता. उपाय मिळाला तो ओळभराचा : तारीख आहे तीच पुन्हा सेट करा, नाही तर रीबूट. पाळी संपत आलेली असताना असं काही समोर आलं की पुस्तकाचा उपयोग होत नाही. आलेखात काय वाढलंय आणि नेमकं कधीपासून, एवढंच विचारता यावं लागतं.

२०१४ साल सगळ्यांना पुन्हा बाकावर बसवणारं ठरलं. एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड त्रुटी उघड झाली. गंमत अशी की जुनाट म्हणून हिणवलेलं रेड हॅट ५ तिच्यातून वाचलं, कारण त्यातली ओपनएसएसएल त्या दोषाच्या आधीची होती. कोणत्या मशीनवर नेमकी कोणती आवृत्ती चालते, याची यादी ज्यांच्याकडे तयार होती त्यांनी पॅच लवकर आटोपले. जूनमध्ये रेड हॅट ७ आलं आणि सोबत सिस्टिमडी. रनलेव्हल गेले, टार्गेट आले, फायरवॉलडी आला, पासवर्ड मोडायची पद्धतही बदलली. ज्यांनी कमांड पाठ केल्या होत्या त्यांचं अर्धं भांडवल गेलं. ज्यांना बूटचा क्रम कळला होता, त्यांना फक्त नवी नावं शिकावी लागली.

पुढचे बदल भराभर आले. २०१६च्या जूनमध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई रीजन सुरू झालं. क्लासच्या पाट्यांवर एडब्ल्यूएस झळकलं, मग डेव्हऑप्स. रेड हॅट ८पासून आरएचसीईची परीक्षाच ॲन्सिबलवर बेतली गेली. २०२०च्या मार्चमध्ये पीजी रिकामे झाले, मुलं गावी जाऊन झूमवर शिकू लागली. त्याच डिसेंबरात सेंटओएस ८चा आधार २०२१ अखेर थांबणार, असं जाहीर झालं. त्या पोकळीत रॉकी आणि अल्मा हे पर्याय उभे राहिले.

क्लाउडने काम नेलं नाही, पण पहिली पायरी काढून घेतली. डिस्क भरल्याचं तिकीट आता स्क्रिप्ट सोडवते. नवखा मुलगा पहिल्याच दिवशी टेराफॉर्म आणि कुबरनेटिस लिहितो, आणि नोड आतून अडकला की जर्नल कुठे वाचायचं हे त्याला सांगावं लागतं. एल-वनच्या त्या कंटाळवाण्या रात्रींमध्ये जे आपोआप अंगवळणी पडे, ते आज कुणी तरी जाणीवपूर्वक शिकवायला हवं. फारसे क्लास ते करताना दिसत नाहीत.

१९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. मशीनच उठत नसल्यामुळे दुरून चालणारं ऑटोमेशन पुष्कळ ठिकाणी थिटं पडलं. सेफ मोडमध्ये जायचं, बिटलॉकरची किल्ली शोधून घालायची, एक फाइल उडवायची, रीबूट करायचं, आणि मग पुढच्या मशीनकडे वळायचं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी त्या दिवसापासून आधी क्लाउड खातं उघडायला सांगत नाही. रॉकी लिनक्सचं एक व्हर्च्युअल मशीन देतो, ज्याच्या एफएसटॅबमध्ये मी आधीच एक ओळ बिघडवून ठेवलेली असते.