रॅम बदलली अन् लॅपटॉप रुसला

घरात नाहीतर बचत गटात जुना लॅपटॉप असला की कुणीतरी सांगतंच, ‘‘ताई, यात रॅम वाढवून घ्या, पळायला लागेल.’’ सल्ला काही चुकीचा नाही. चार जीबीची आठ जीबी झाली की जुनं यंत्रही बरंच चटपटीत होतं. पण कधीकधी होतं काय, नवी रॅम बसवली, बटण दाबलं, दिवा लागला, पंखा फिरला... आणि स्क्रीन काळा तो काळाच!

इकडे धानोऱ्यात अशा वेळी जीव टांगणीला लागतो. मोठं काम निघालं तर गडचिरोली, तिथं नाही जमलं तर नागपूर. भाडं गेलं, दिवस गेला. आमच्या ओळखीच्या एका गटाच्या तर कर्जाच्या हप्त्यांच्या नोंदी, मागच्या हंगामातल्या मोहफुलांचा हिशेब, सगळं त्या एकाच लॅपटॉपात होतं. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, तेव्हा नोंदी नीट ठेवण्याचं मोल इथल्या बायकांना वेगळं सांगावं लागत नाही. दुरुस्तीवाला भाऊ मात्र सहज बोलून गेला, ‘‘बोर्ड गेला असेल, नाहीतर फॉरमॅट मारावं लागेल.’’ सचिवताई रडकुंडीला आल्या.

इथंच थांबायचं! रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि हार्डडिस्क म्हणजे धान्याची कोठी. काम चालू असताना लागेल तेवढंच सामान ओट्यावर येतं, काम संपलं की ओटा रिकामा. आपले हिशेब असतात कोठीत. ओटा बदलला म्हणून कोठीतलं धान्य जात नाही. फॉरमॅट मारणं म्हणजे मात्र कोठीच झाडून काढणं. रॅम बदलल्यावर लॅपटॉप सुरू झाला नाही, तर फॉरमॅटला आधी ‘नाही’ म्हणा.

मग करायचं काय? चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि सुरू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. हात कोरडे हवेत. आधी एखाद्या लोखंडी वस्तूला हात लावून घ्या, अंगावरच्या स्थिर विजेनंही रॅम खराब होऊ शकते. मग नवी रॅम काढून जुनी होती त्याच जागी बसवा. लॅपटॉप सुरू झाला? मग बोर्ड गेलेला नाही. दोष नव्या रॅममध्ये किंवा ती बसवण्यात आहे.

बसवण्यातली चूक फार होते. पट्टी तिरपी धरून खाचेत पुरती आत ढकलायची, सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाले पाहिजेत. मग हलकेच खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या पकडींचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. दात काळपट दिसले तर पांढऱ्या खोडरबरानं अलगद पुसा आणि कण कोरड्या ब्रशनं झाडा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. नवी रॅम ओळखायला काही लॅपटॉप पहिल्यांदा वेळ घेतात, तेव्हा दोन-तीन मिनिटं धीर धरा. एरवी आपण कुकरच्या शिट्ट्या मोजतोच की!

नीट बसवूनही चालेना, तर लेबल वाचा. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसतच नाही. जोर लावू नका. खरा घोळ डीडीआर-३ मध्येच आहे. तिचे दोन प्रकार, एक दीड व्होल्टची आणि दुसरी १.३५ व्होल्टची. दिसायला सारख्या, खाचही तीच, बसतातही. पण २०१३ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपना फक्त १.३५ व्होल्टचीच चालते. तिच्या लेबलवर ‘पीसी३’च्या पुढे इंग्रजी ‘एल’ असतो. त्या गटाच्या लॅपटॉपात हेच झालं होतं, एका ‘एल’चा घोळ! जुनी रॅम लावली आणि सगळे हिशेब जागच्या जागी दिसले. सचिवताईंनी पहिलं काम केलं ते सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचं.

जुनी रॅम लावूनही स्क्रीन काळाच राहिला, तर उघडताना आतली एखादी वायर सैल झाली असेल. मग जाणत्या माणसाकडेच द्यावा. तरीही हिशेब सहसा शाबूत असतात. हार्डडिस्क बाहेर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून त्या फाइल उतरवता येतात, हे त्यांना आवर्जून सांगा.

नवी रॅम घ्यायला जाताना शक्यतो लॅपटॉपच सोबत न्या. नाहीच जमलं तर जुन्या पट्टीच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढून न्या. आपलं मॉडेल जास्तीत जास्त किती जीबी घेतं तेही विचारा, कारण प्रत्येकाची मर्यादा ठरलेली असते. विंडोज ३२ बिटची असेल तर चार जीबीच्या वर टाकलेले पैसे वायाच जातात. बिल मागून घ्या, आणि ‘‘नाही चालली तर बदलून द्याल ना भाऊ?’’ हे पैसे देण्याआधीच विचारा.